स्मार्ट उपकरणांमधील ध्वनिनिरीक्षण

स्मार्ट उपकरणांमधील ध्वनिनिरीक्षण म्हणजे आंतरजालाशी जोडलेल्या उपकरणांतील मायक्रोफोनच्या साहाय्याने सभोवतालचे आवाज सतत किंवा ठरावीक अंतराने टिपणे, त्यांची पातळी मोजणे अथवा त्यांचा प्रकार ओळखणे आणि त्यानुसार संबंधितांना सूचना देणे होय. धूर-इशारा यंत्राचा गजर, काच फुटण्याचा आवाज, बाळाचे रडणे, यंत्रातील बिघाडाची खरखर, बंदुकीचा बार, रस्त्यावरील भोंग्यांचा कल्लोळ अशा विविध आवाजांसाठी या तंत्राचा वापर केला जातो. स्मार्ट स्पीकर, मोबाइल फोन, घरातील सुरक्षा-कॅमेरे, कारखान्यांतील संवेदक आणि शहरांतील ध्वनिमापक केंद्रे ही त्याची प्रमुख माध्यमे आहेत.

इ.स. २०१० नंतरच्या दशकात मायक्रोफोन असलेली उपकरणे घरोघरी पोहोचल्यामुळे या तंत्राची बाजारपेठ वाढू लागली. या व्यवसायात मायक्रोफोनची विक्री गौण असून, टिपलेल्या आवाजाचा अर्थ लावून देण्याची सेवा हेच मुख्य विक्रेय आहे. त्यामुळे आवाजाचा अर्थ कोठे लावला जातो, मूळ ध्वनिमुद्रण कोणाकडे राहते आणि ते किती काळ जपले जाते, हे प्रश्न या तंत्राच्या चर्चेत केंद्रस्थानी असतात.

प्रकार

उपकरण आवाजातून कोणती माहिती काढते, यावरून ध्वनिनिरीक्षणाचे तीन स्तर मानता येतात.

पहिला स्तर पातळीमापनाचा आहे. यात आवाज किती मोठा आहे एवढेच डेसिबल या एककात मोजले जाते. तो आवाज कशाचा आहे, हे उपकरणास कळत नाही. डेसिबल मोजपट्टी लघुगणकीय असल्यामुळे पातळी १० डेसिबलने वाढली, तर ध्वनीची तीव्रता दसपट होते. मानवी कानाची संवेदनक्षमता सर्व वारंवारतांना सारखी नसते. ती लक्षात घेऊन केलेल्या मोजमापास ‘डेसिबल-ए’ असे म्हणतात.

दुसरा स्तर ध्वनिघटना ओळखण्याचा आहे. येथे आवाजाचे वर्गीकरण केले जाते. उदाहरणार्थ, कुत्र्याचे भुंकणे, दारावरची घंटा, खोकला, रुग्णवाहिकेचा भोंगा.

तिसरा स्तर वाणी ओळखण्याचा आहे. त्यात बोललेले शब्द आणि काही वेळा बोलणारी व्यक्तीही ओळखली जाते. काटेकोरपणे पाहता हा वेगळा विषय आहे. परंतु तिन्ही स्तरांसाठी लागणारा मायक्रोफोन एकच असतो. पहिल्या स्तरासाठी विकत घेतलेले उपकरण पुढे केवळ सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्तराचे काम करू शकते. या तंत्राची व्यापारी सोय आणि त्याविषयीची शंका, दोन्हींचे मूळ या गोष्टीत आहे.

कार्यपद्धती

हवेतील दाबाच्या कंपनांचे मायक्रोफोन विद्युत संकेतांत रूपांतर करतो. या संकेताचे दर सेकंदाला हजारो नमुने घेतले जातात. मानवी बोलणे आणि घरगुती आवाज यांसाठी सेकंदाला १६,००० नमुने घेण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. नमुना-सिद्धांतानुसार या गतीने ८,००० हर्ट्झपर्यंतची वारंवारता टिपता येते.

यानंतर आवाजाचे साधारण २५ सहस्रांश सेकंदांचे तुकडे पाडून फूरिये रूपांतराने प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारता किती प्रमाणात आहेत, हे काढले जाते. हे तुकडे क्रमाने मांडले की आवाजाचे एक चित्र तयार होते. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि रंगाच्या गडदपणात तीव्रता अशी त्याची रचना असते. छायाचित्रातील वस्तू ओळखण्यासाठी विकसित झालेली कृत्रिम चेताजाले अशा ध्वनिचित्रांतील आकृतिबंधही ओळखू शकतात. म्हणूनच या क्षेत्राला चित्र-ओळखीच्या प्रगतीचा थेट लाभ झाला.

सर्व आवाज ओळखण्यास सारखे सोपे नसतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या धूर-इशारा यंत्राचा गजर अर्ध्या सेकंदाचे तीन टणत्कार आणि त्यानंतर दीड सेकंदाची विश्रांती अशा ठरावीक लयीत वाजतो. त्याचा स्वरही उंच व स्थिर असतो. त्यामुळे तो गोंगाटातही वेगळा ओळखता येतो. काच फुटण्याच्या आवाजाला मात्र अशी लय नसते. काचेची जाडी, खोलीचा आकार आणि मायक्रोफोनपासूनचे अंतर यांनुसार तो बदलतो. शिवाय हातातून पडलेली बशी आणि फोडलेली खिडकी यांतील भेद ऐकूनच करावा लागतो.

ओळखण्याचे काम उपकरणातच करायचे की ध्वनिमुद्रण दूरच्या सर्व्हरवर पाठवायचे, हा रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. सेकंदाला १६,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास दोन बाइट धरल्यास एका मायक्रोफोनचे दिवसभराचे असंक्षिप्त ध्वनिमुद्रण सुमारे २.७६ गिगाबाइट भरते. याउलट दर सेकंदाला आवाजाच्या पातळीचा एकच आकडा पाठविल्यास दिवसाला ८६,४०० आकडे पुरतात. केवळ ‘गजर वाजला’ एवढी घटना कळवायची असेल, तर पाठवायची माहिती नगण्य असते. म्हणून उपकरणातच प्रक्रिया करणे खासगीपणाच्या दृष्टीने हितावह आहे. ते खर्चाच्या दृष्टीनेही बहुधा परवडते.

इतिहास

या तंत्राचा पाया मायक्रोफोनच्या लघुरूपाने घातला. ‘मेम्स’ या नावाने ओळखले जाणारे सिलिकॉनवर कोरलेले मायक्रोफोन २००० नंतरच्या दशकात व्यापारी प्रमाणावर उपलब्ध झाले. काही मिलिमीटर आकाराचे आणि अल्प वीज वापरणारे हे घटक मोबाइल फोनमुळे प्रचंड संख्येने तयार होऊ लागले व त्यांची किंमत उतरली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने ‘एको’ हा स्मार्ट स्पीकर अमेरिकेत निवडक ग्राहकांसाठी आणला. आपले नाव उच्चारले जाण्याची वाट पाहत सतत ऐकत राहणारे उपकरण घरात ठेवण्याची कल्पना त्यानंतर रुळली.

संशोधनाच्या क्षेत्रात २०१३ मध्ये ध्वनिघटना-ओळखीची ‘डीकेस’ ही खुली स्पर्धा सुरू झाली. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये शहरी आवाजांच्या ८,७३२ तुकड्यांचा ‘अर्बनसाउंड-८के’ हा संच प्रसिद्ध केला. त्यात आवाजांचे १० वर्ग होते. २०१७ मध्ये गूगलने ‘ऑडिओसेट’ हा संच खुला केला. त्यात यूट्यूबवरील चित्रफितींतून घेतलेले, प्रत्येकी १० सेकंदांचे २० लाखांहून अधिक तुकडे असून ६३२ ध्वनिवर्गांची वर्गवारी दिलेली आहे. या संचामुळे मोठी चेताजाले प्रशिक्षित करणे शक्य झाले.

यानंतर ही क्षमता ग्राहकोपयोगी उपकरणांत उतरली. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये ‘अलेक्सा गार्ड’ ही सुविधा जाहीर केली. घरात कोणी नसताना काच फुटण्याचा किंवा धूर-इशारा यंत्राचा आवाज आल्यास ती मालकाला कळवीत असे. २०२० मध्ये अ‍ॅपलने आयओएस १४ या प्रणालीत आणि गूगलने अँड्रॉइडमध्ये ध्वनी ओळखून सूचना देण्याची सोय केली. ध्वनिघटना-ओळखीवरच काम करणारी केंब्रिज येथील ऑडिओ अ‍ॅनालिटिक ही ब्रिटिश कंपनी २०२२ मध्ये मेटा कंपनीने विकत घेतली. एप्रिल २०२३ मध्ये अ‍ॅपलच्या ‘होमपॉड’ या स्पीकरला धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या गजरांचा आवाज ओळखण्याची क्षमता मिळाली.

उपयोगाची क्षेत्रे

श्रवणदोष असलेल्या व्यक्तींसाठी: फोनमधील ध्वनिओळखीचा सर्वांत थेट लाभ कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींना होतो. दारावरची घंटा, बाळाचे रडणे, वाहता नळ किंवा आगीचा गजर ओळखून फोन कंप पावतो व पडद्यावर सूचना दाखवितो. ऐकू येणाऱ्या व्यक्तीसाठी जी सोय आहे, ती येथे स्वतंत्रपणे राहण्याचे साधन ठरते. तथापि धोक्याच्या किंवा आणीबाणीच्या प्रसंगी या सुविधेवर विसंबू नये, असा इशारा अ‍ॅपलने स्वतःच दिलेला आहे.

भाड्याची घरे: अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांत दंगामस्ती होऊ नये म्हणून डेसिबल मोजणारी उपकरणे बसविली जातात. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे बराच वेळ राहिला, की मालकाला संदेश जातो. एअरबीएनबी या कंपनीने ३० एप्रिल २०२४ पासून घरांच्या आत कॅमेरे ठेवण्यास बंदी केली. डेसिबलमापकांना मात्र अटींसह मुभा ठेवली. त्यांची माहिती पाहुण्यांना आधी द्यावी लागते, ती फक्त सामायिक जागांत ठेवता येतात आणि त्यांनी संभाषण मुद्रित करता कामा नये.

उद्योग: अनुभवी कारागीर यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे सांगतो. तेच काम येथे संवेदकाकडे सोपविले जाते. बेअरिंगवर तडा गेला, की प्रत्येक फेऱ्याला नियमित ठोके पडू लागतात. पंपात वाफेचे बुडबुडे फुटू लागले, की खडखड ऐकू येते. बिघाडाचे नमुने दुर्मीळ असल्याने येथे प्रणालीला यंत्राचा निरोगी आवाज शिकविला जातो आणि त्यापासून ढळलेला प्रत्येक आवाज संशयास्पद मानला जातो. हिताची कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये झडपा, पंप, पंखे आणि सरकपट्ट्या यांच्या आवाजांचा ‘मिमी’ हा संच याच हेतूने प्रसिद्ध केला.

आरोग्य: झोपेतील घोरणे व खोकला मोजण्याची सोय काही घरगुती उपकरणांत आहे. गूगलने २०२४ मध्ये ‘हिअर’ या आरोग्यविषयक ध्वनिप्रतिमानाची माहिती दिली. खोकल्याच्या आवाजावरून फुप्फुसांच्या आरोग्याची तपासणी करणारी हैदराबादची साल्सिट टेक्नॉलॉजीज ही कंपनी क्षयरोगाच्या प्राथमिक चाचणीसाठी त्याचा अभ्यास करीत असल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले.

वने: ‘रेनफॉरेस्ट कनेक्शन’ या संस्थेने जुने मोबाइल फोन सौरपट्ट्यांसह उंच झाडांवर बसवून जंगलातील यांत्रिक करवतीचा आवाज ओळखण्याची पद्धत विकसित केली. अवैध वृक्षतोड सुरू असतानाच तेथील रक्षकांना सूचना मिळावी, हा तिचा हेतू आहे.

शहरे: न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘सॉनिक’ हा प्रकल्प सुरू केला. शहरातील गोंगाटाचे मोजमाप करणे आणि त्याचे उगम ओळखणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पॅरिस परिसरात ब्रुइपारिफ या संस्थेने अनेक मायक्रोफोन असलेले ‘मेड्यूझ’ हे उपकरण तयार केले. आवाज कोणत्या दिशेने आला, हेही ते दाखविते.

बाजारपेठेच्या वाढीची कारणे

पहिले कारण मायक्रोफोनच्या किमतीचे आहे. कॅमेऱ्याच्या तुलनेत मायक्रोफोन स्वस्त असतो, कमी वीज वापरतो, अंधारात काम करतो आणि त्याला समोरची वस्तू दिसावी लागत नाही. भिंतीआडचा किंवा पाठीमागचा आवाजही तो टिपतो.

दुसरे कारण असे, की बहुतेक घरांत आवश्यक मायक्रोफोन आधीपासून आलेला असतो. विक्रेत्याला नवे यंत्र विकावे लागत नाही. सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीने जुन्याच उपकरणाला नवी क्षमता देता येते आणि तिच्यासाठी मासिक वर्गणी आकारता येते. एकवेळच्या विक्रीऐवजी नियमित उत्पन्न मिळते.

तिसरे कारण ग्राहकांच्या विविधतेचे आहे. सेवेचे पैसे देणारा आणि ज्याचा आवाज टिपला जातो तो, हे दोघे अनेकदा वेगळे असतात. घरमालक पैसे देतो, आवाज पाहुण्यांचा असतो. कारखानदार पैसे देतो, आवाज यंत्रांबरोबर कामगारांचाही असतो. महापालिका पैसे देते, आवाज रस्त्यावरील प्रत्येकाचा असतो.

अचूकता आणि खोटे इशारे

क्वचित घडणाऱ्या घटनेवर सतत लक्ष ठेवताना अल्प चुकीचे प्रमाणही मोठे ठरते. समजा, एखादे उपकरण दर १० सेकंदांनी एकदा निर्णय घेते. दिवसात असे ८,६४० निर्णय होतात. घटना घडलेली नसताना हजारांपैकी ९९९ वेळा ते अचूक उत्तर देत असले, तरी रोज आठ-नऊ खोटे इशारे येतील. खरी चोरी मात्र त्या घरात अनेक वर्षांत एकदाही होणार नाही. वारंवार खोटे इशारे आले की माणूस सूचना बंद करतो आणि मग खरा इशाराही वाया जातो. चुका टाळण्यासाठी निकष कडक केले, तर खऱ्या घटना निसटतात. या दोहोंतील तोल हा केवळ तांत्रिक निर्णय नसून, कोणती चूक अधिक महाग पडेल याविषयीचा निर्णय असतो.

शहरी सुरक्षेच्या संदर्भात याचे सर्वपरिचित उदाहरण ‘शॉटस्पॉटर’ या प्रणालीचे आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्ये ‘साउंडथिंकिंग’ हे नाव घेतले. इमारतींवर व खांबांवर बसविलेल्या अनेक मायक्रोफोनपर्यंत बंदुकीचा आवाज पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून ती गोळीबाराचे ठिकाण काढते. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने वेळेतील अल्प फरकही अंतराचा अंदाज देतो. शिकागो शहराच्या महानिरीक्षक कार्यालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळातील ५०,१७६ सूचनांपैकी ४,५५६ प्रकरणांत, म्हणजे सुमारे ९.१ टक्के वेळा, बंदुकीशी संबंधित गुन्ह्याचा पुरावा आढळल्याची नोंद होती. पुरावा न आढळणे म्हणजे गोळीबार झालाच नाही असे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते. परंतु प्रत्येक सूचनेबरोबर पोलीस सज्ज होऊन एखाद्या वस्तीत पोहोचतात आणि त्याचे परिणाम तेथील रहिवाशांना भोगावे लागतात, असा आक्षेप घेतला गेला. शिकागोने सप्टेंबर २०२४ मध्ये या प्रणालीचा वापर थांबविला.

प्रशिक्षणासाठी वापरलेल्या आवाजांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. चेताजाल जे ऐकून शिकले, तेच ओळखते. प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, फेरीवाल्याची आरोळी किंवा आरतीच्या वेळची झांज हे आवाज प्रशिक्षणात पुरेसे नसतील, तर भारतीय घरात तीच प्रणाली अधिक चुका करण्याचा संभव असतो.

खासगीपणा

कॅमेरा कोठे पाहतो हे बहुधा दिसते. मायक्रोफोन मात्र उपकरणावरील टाचणीएवढ्या छिद्रामागे असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलच्या ‘नेस्ट सिक्युअर’ या सुरक्षा-संचात मायक्रोफोन असल्याचे ग्राहकांना प्रथमच समजले. उत्पादनाच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. जर्मनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड कायला’ या आंतरजालाशी जोडलेल्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. ती छुपे टेहळणी-साधन ठरते, अशी त्यामागील भूमिका होती.

२०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन, गूगल व अ‍ॅपल यांच्या ध्वनिसाहाय्यकांनी टिपलेल्या आवाजांपैकी काही तुकडे गुणवत्ता-तपासणीसाठी माणसे ऐकत असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. हाक मारलेली नसताना चुकून सुरू झालेल्या मुद्रणांचाही त्यांत समावेश होता. सिरीविषयीच्या अशाच तक्रारींवरून दाखल झालेल्या दाव्यात अ‍ॅपलने चूक मान्य न करता ९.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केल्याचे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले. मुलांच्या आवाजांची मुद्रणे गरजेपेक्षा अधिक काळ जपल्याच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनने मे २०२३ मध्ये अमेरिकी संघीय व्यापार आयोगाच्या प्रकरणात २.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मार्च २०२५ पासून ठरावीक एको उपकरणांवरील ‘ध्वनिमुद्रण बाहेर पाठवू नये’ हा पर्यायही त्या कंपनीने बंद केला. खरेदीच्या वेळची अट पुढे बदलू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

संरक्षणाचे उपाय सर्वसाधारणपणे असे आहेत: प्रक्रिया उपकरणातच करणे, मूळ ध्वनिमुद्रण साठवून न ठेवता केवळ पातळी किंवा घटनेचे नाव बाहेर पाठविणे, सलग मुद्रणाऐवजी विखुरलेले लहान तुकडे घेणे, आणि मायक्रोफोनचा वीजपुरवठाच तोडणारी कळ देणे. सॉनिक प्रकल्पात १० सेकंदांचे तुटक तुकडे घेण्याची पद्धत याच कारणाने स्वीकारली होती.

भारतातील स्थिती

भारतात सार्वजनिक ध्वनिनिरीक्षणाचा आधार ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हा आहे. त्यानुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७०, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल-ए अशा मर्यादा आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व लखनौ या सात शहरांत सतत मापन करणारी ७० केंद्रे उभारली.

मुंबई वाहतूक पोलिसांनी राबविलेला आणि जानेवारी २०२० मध्ये चित्रफितीद्वारे जाहीर केलेला ‘पनिशिंग सिग्नल’ हा प्रयोग विशेष गाजला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता व वांद्रे येथील सिग्नलना डेसिबलमापक जोडण्यात आले. भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलपलीकडे गेला, की लाल दिव्याची मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होई. या योजनेत कोणाचा भोंगा वाजला, हे ओळखले जात नव्हते आणि काही मुद्रितही करावे लागत नव्हते. केवळ पातळीच्या आकड्यावर चालणाऱ्या निरीक्षणाचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र गप्प राहिलेल्या चालकालाही इतरांबरोबर थांबावे लागे, ही त्याची दुसरी बाजू होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकांमध्येच आवाजाची पातळी मर्यादित ठेवणारी यंत्रणा बसविण्याबाबत राज्य शासनाने विचार करावा, असे सुचविले.

घरगुती उपकरणांसंदर्भात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा दिलेला निर्णय पायाभूत आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या संस्थेला सर्वसाधारणपणे संमती घ्यावी लागते आणि १८ वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असते. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या प्रक्रियेस मात्र हा अधिनियम लागू होत नाही. सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर जी बंधने येतात, ती उपकरण बसविणाऱ्या कुटुंबावर येत नाहीत. परिणामी त्या घरात काम करणारी मोलकरीण, शिकवणीला येणारा विद्यार्थी, वृद्धांची शुश्रूषा करणारी परिचारिका किंवा शेजारी यांना मायक्रोफोनची माहिती देणे या कायद्याखाली घरमालकावर बंधनकारक ठरत नाही. ती द्यायची की नाही, हे बहुतांशी त्याच्या विवेकावर अवलंबून राहते.